सर्व्हर सांभाळायला शिकवणाऱ्या मुलास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र चारचौघांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण तू ज्या तऱ्हेने मदत केलीस ती तऱ्हा लोकांना कळायला हवी.

ह्यांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी कपाटात होत्या. टेप वर्षानुवर्षं पडून राहिली की खराब होत जाते, म्हणून त्या संगणकावर उतरवून घ्यायचं मी ठरवलंच होतं. साठ मिनिटांची कॅसेट वेव्ह, म्हणजे आवाज न आक्रसता साठवणाऱ्या, फाइलमध्ये साधारण 600 एमबी होते आणि फ्लॅक प्रकारच्या फाइलमध्ये आवाज जराही न बिघडता जवळपास निम्म्या जागेत मावते, हे तुझ्याकडून कळलं. मुलगी मेलबर्नला, मंडळातली माणसं साताऱ्यात, सगळ्यांना ऐकता यावं एवढीच माझी मागणी होती. दुसऱ्या कुणी एका बैठकीत सगळं लावून दिलं असतं आणि पुढे प्रत्येक अडचणीला मी त्याला फोन करत राहिले असते. तू कीबोर्डला हातच लावला नाहीस. शेजारी खुर्ची ओढून बसायचास. कमांड मी टाइप करायची, आणि ती काय करते हे माझ्या वहीत मराठीत लिहून झाल्याशिवाय एंटर दाबू द्यायचा नाहीस.

नवं यंत्र घ्यायला लावलं नाहीस. मुलीच्या जुन्या लॅपटॉपलाच सर्व्हर केलं, म्हणजे सगळ्यांना गाणी पुरवणारं कायम चालू यंत्र: त्यावर संगणक चालवणारी डेबियन ही प्रणाली, आणि गाणी ऐकवायला नॅव्हिड्रोम हा प्रोग्रॅम. झाकण मिटलं तरी यंत्र चालू राहावं यासाठीची ओळ वहीत आहे. पंधरा वॉट धरले तर महिन्याला साधारण 11 युनिट वीज, हा हिशेब तू आधीच मांडलास. वीज गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो, पण राऊटर बंद पडतो, म्हणून त्याला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस. आणि सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगू शकते, तेव्हा मधूनमधून लॅपटॉप बंद करून, उलटा करून तळ बघायचा. ही काळजी मला दुसऱ्या कुणी सांगितली नसती.

बाहेरून पोचण्याचा प्रश्न मात्र किचकट होता. राऊटरवर दिसणारा इंटरनेटचा पत्ता 100.64 ने सुरू होत होता. तो बघून तू लगेच म्हणालास, "काकू, हा पत्ता आपला एकट्याचा नाही." बाहेर दिसणारा एकच पत्ता इंटरनेट देणारी कंपनी अनेक घरांत वाटते, त्यामुळे आपण घरच्या राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून काहीच होत नाही. मग टेलस्केल नावाचा प्रोग्रॅम घातला. मुलीच्या फोनपासून घरच्या लॅपटॉपपर्यंत बंद वाट तयार झाली आणि इंटरनेटवर एकही पोर्ट उघडावा लागला नाही. एसएसएचला, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून लॅपटॉपमध्ये शिरायच्या सोयीला, पासवर्डऐवजी किल्ली (एक गुप्त फाइल) लावली, तेव्हाची तुझी सूचना वहीत लाल शाईने आहे: पहिली खिडकी बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय का ते बघा.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती बॅकअपसाठी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा नियम कुठेही वाचायला मिळतो. तू त्यापुढे गेलास. डिस्कवर बॅकअप घेऊन झाला आणि मी वही मिटायला लागले, तर म्हणालास, "आता हा परत आणून दाखवा." कोऱ्या पेनड्राइव्हवर मी एकच फोल्डर परत आणला. मूळ फाइल आणि आणलेली फाइल, दोन्हींचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढायला लावलास, ती लांबलचक अक्षरं ओळीखाली ओळ ठेवून जुळवून घेतलीस. एवढं जुळल्यावरही तू उठला नाहीस. अभंग लावला आणि शेवटच्या गजरापर्यंत ऐकलास. ह्यांचा पखवाज संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. तुझ्या वयाच्या मुलाकडे एवढी सबुरी असते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

देखभालीचा दिवसही तूच बांधून दिलास. एकादशीला संध्याकाळी मंडळाचं भजन असतं, तर सकाळी सर्व्हरचं बघायचं: अपडेट, डिस्कमध्ये किती जागा उरली, स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते त्या, अहवालात खराब सेक्टरांचा (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचा) आकडा वाढलाय का. भावाकडे कराडला ठेवलेली डिस्क महिन्यातून एकदा बदलून आणायची. मी हे नेमाने करते. गेल्या खेपेला डेबियन 12 वरून 13 वर गेले, तेही तुला फोन न करता. आधी बॅकअप परत आणून पाहिला, प्रकाशन-टिपणं वाचली, मगच हात घातला. रात्री मुलीचा मेसेज आला की तिकडे सगळं नीट वाजतंय.

जाताना तू तुझी किल्ली माझ्या यंत्रावरून माझ्याच हातून काढायला लावलीस. तुला आत यायची मुभा राहावी असं मला वाटत होतं, पण तू ठाम होतास, आणि तुझंच बरोबर होतं.

आता आमच्या टाळकऱ्यांच्या सुनेला तिच्या सासऱ्यांच्या कॅसेटींसाठी असंच उभं करायचं आहे. वहीच्या झेरॉक्स तिला दिल्या आहेत. पुढच्या एकादशीला सकाळी ती येणार आहे. शेजारी मी बसेन, टाइप ती करेल.

आईला माझा नमस्कार सांग. सुट्टीत गावी आलास की घरी ये, मंडळातल्या सगळ्यांना तुला भेटायचं आहे.

कळावे,
तिसऱ्या मजल्यावरची काकू