पाहुणे एकला आले, कुत्री अकरापासून उन्हात

संपादक महोदय,

आमच्या अमळनेरच्या श्वान मेळाव्याचे छायाचित्र आपण सोमवारच्या अंकात छापले. मधोमध पाहुणे, हातात चषक, मागे फ्लेक्स. उजव्या कोपऱ्यात खुर्चीच्या पायाआड एक भुरकट शेपूट आणि अर्धे धड दिसते, ती माझी भुरी. तिचे तोंड फोटोत आले नाही, कारण ते तेव्हा माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात होते. पाणी पीत होती बिचारी. खाली ओळ होती ‘श्वानप्रेमींचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. प्रतिसाद खरंच होता, पण कुत्र्यांचे काय झाले ते बातमीत नव्हते, म्हणून हे लिहिते.

एप्रिलमधला रविवार आणि वेळ सकाळी अकरा. खान्देशात एप्रिलातले अकरा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे होता. मंडप होता, पण तो स्टेजवर आणि पहिल्या तीन रांगांवर. कुत्री घेऊन आलेल्यांसाठी मोकळे मैदान आणि चुन्याने आखलेला चौकोन. पाहुणे एकला आले. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत.

दाराशी टेबलावर फॉर्म भरून घेत होते. ‘जात’ या रकान्यात मी ‘गावठी’ लिहिले. टेबलावरच्या मुलाने ते खोडून ‘मिक्स’ केले. म्हटले, बाबा, काय मिक्स? तिची आई गावठी, बाप गावठी, तू का तिला हलकी करतोस? तो हसला, पण स्पर्धेच्या रांगेत मात्र घेतले नाही, कारण स्पर्धा ‘जातिवंत’ कुत्र्यांची होती. आम्ही दोघी प्रेक्षक. माझ्या मागे एक म्हातारी शेळी घेऊन उभी होती. तिला कुणी तरी सांगितले होते की जनावरांचे डॉक्टर येणार आहेत. तिने मला विचारले, “काय व माय, आते कुत्रासनीबी जत्रा भरस का?” मी हो म्हटले. डॉक्टर आले नाहीत म्हणून ती शेळी ओढत परत गेली.

साडेबाराच्या सुमारास एका पगचा श्वास मला चार हातांवरून ऐकू येऊ लागला. घोरल्यासारखा, पण भराभर. जीभ लाल असावी ती जांभळटाकडे झुकलेली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढते. या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. मालकीण नवी सून होती, घाबरून त्याच्या तोंडात पेढा कोंबत होती. मी त्याला उचलून स्टेजच्या सावलीत नेले, पोटाला, काखेत आणि पायांच्या गादीला पाणी चोळले, पदराने वारा घातला. दहा-पंधरा मिनिटांनी त्याने डोके उचलले. शेजारी एक हस्की होता. सायबेरियाच्या बर्फासाठी देवाने दिलेली दुहेरी केसांची शाल पांघरून तो अमळनेरच्या फुफाट्यात उभा होता, आणि त्यालाच पुढे चषक मिळाला.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून निवृत्त झाले. कुत्र्यांशी माझा संबंध आयुष्यभर आला तो चावून घेतलेल्या माणसांकडून. सुरुवातीच्या वर्षांत पोटात टोचायच्या त्या इंजेक्शनांची धास्ती अशी होती, की चावल्याचे पोरे घरात लपवत. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस २००४ च्या सुमारास बंद झाली, आता दंडाला टोचून काम भागते. पण जखमेत मिरचीपूड भरून येणारे मी अगदी शेवटच्या वर्षीही पाहिले. एक सात-आठ वर्षांचा मुलगा आठवतो. पोटरीवर दोनच दात लागलेले, आणि त्यात आजीने तिखट आणि चुना असे दोन्ही दाबलेले. धुताना तो असा ओरडला की ओपीडीतले सगळे उठून आले. कुत्रे चावल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, एवढे ऐकायला दोन मिनिटे लागतात. रेबीज एकदा उमटला की औषध नाही. म्हणून त्या दिवशी मी माईकवर दोन मिनिटे मागितली. “ताई, कार्यक्रमपत्रिकेत नाही,” असे उत्तर मिळाले. कार्यक्रमपत्रिकेत सत्कार अकरा होते, मी मोजले.

सगळ्यात मला खटकले ते हे, की दारावर दोनशे रुपये मागितले पण लसीचे कार्ड कुणीच मागितले नाही. साठ-सत्तर कुत्री एकमेकांची नाके हुंगत होती. त्यात कडेवर आणलेली दीड-दोन महिन्यांची पिल्ले होती, ज्यांना पार्वो (पिल्लांचा रक्ती जुलाबाचा रोग) झाला तर दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. जनावरे एकत्र आली की रोग कसा पसरतो हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची त्या वर्षीची साथ राज्यात आधी दिसली ती इथेच, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, आणि मग गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. गुरांच्या बाबतीत शिकलो ते कुत्र्यांच्या मेळाव्यात विसरलो.

माझे माहेर शहाद्याकडचे. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा लहानपणापासून पाहिली. घोडे कुठून कुठून येतात, मारवाडचे, काठेवाडचे, पंजाबचे. गिऱ्हाईक दात बघते, खूर बघते, अंगावरचे भोवरे मोजते, रेवाल चाल चालवून घेते. पण यात्रा कधी भरते? मार्गशीर्षात, थंडीत. आणि कुठे? तापीच्या काठी. जनावराला ऊन आणि पाणी यांचा त्रास नको, हे तिथल्या व्यापाऱ्याला फ्लेक्स न लावता कळते. पोळ्याचेही तसेच. आदल्या दिवशी खांदेमळणी, सकाळी नदीवर धुणे, मग पुरणपोळी, त्या दिवशी मानेवर जू नाही. तुझा बैल खिल्लारी की गावरान, हे वेशीपाशी कुणी विचारत नाही. (आता शिंगांना ऑइलपेंट फासणारे आणि वेशीवर डीजे लावणारे निघालेत, तो राग वेगळ्या पत्रात.)

मेळावा भरवणारी पोरे वाईट नाहीत. वर्गणी गोळा करून रविवार घालवायला कुणाला आवडते? पुढच्या वर्षीही भरवा. फक्त तो डिसेंबर-जानेवारीत घ्या, सकाळी सातला सुरू करून दहाला संपवा. पाहुणे साडेनऊला उठत असतील तर त्यांच्याविना. फॉर्ममधला जातीचा रकाना काढून तिथे लसीची तारीख विचारा. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चार दिवस आधी भेटून लसीचे टेबल लावा, आणि त्या शेळीवाल्या म्हातारीलाही बोलवा. गल्लीतल्या ज्या कुत्र्यांना चार घरची भाकरी मिळते पण मालक नाही, त्यांना धरून आणणारी पोरे प्रत्येक आळीत आहेत. चषक द्यायचाच तर त्यांना द्या.

तोवर २८ सप्टेंबर आहेच. तो जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. भुरीची वर्षाची लसही सप्टेंबरातच येते. मी तिला दवाखान्यात नेणारच आहे, पण त्या सकाळी कुणी मैदानावर टेबल मांडले तर आधी तिकडे येईन. नोंदवही लिहीन, कार्डे भरीन. कुत्रे धरायलाही येते मला आता. भुरीने शिकवले.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अमळनेर (जि. जळगाव)