भिंतीला ओल आली वाटतं

कळवा, ठाणे
रविवार

चि. मानसी,
अनेक आशीर्वाद.

म्युझियममधल्या निकल्सन दालनात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर मी ‘भिंतीला ओल आली वाटतं’ म्हणालो आणि तू दादर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. आठवतंय ना? त्याचंच लिहितोय.

परवा घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये रंगाचं काम होतं. हॉलच्या भिंतीवर दुसरा हात चालू होता, तेवढ्यात खिडकीतून रद्दीचा कपटा उडून ओल्या रंगावर बसला. सोडवला तर वरचा रंग घेऊनच निघाला. खाली पहिला हात, आणि तो जिथे पातळ बसला होता तिथून जुना पिवळा. ढगासारखं काहीतरी, कड कुठेच नाही. पोऱ्या पट्टी घेऊन धावला, त्याला म्हटलं, थांब जरा. मालकीणबाई थांबल्या नाहीत. घासून पुन्हा मारून दिला, तो रंग माझ्या पदरचा.

गायतोंडेही रोलर फिरवायचे, पट्टीने खरवडायचे, कागद लावून रंग उचलायचे, हे तू सांगितलं होतंस. मला वाटलं, बापाला बरं वाटावं म्हणून सांगतेस. वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे, हे तर तेव्हा थापच वाटली. आता नाही वाटत. थर वाळायची वाट बघणं हेच अर्धं काम असतं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

तुझ्या निबंधाचं म्हणशील तर, १९४७ चा चित्रकार-शिल्पकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप मी वाचला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. गायतोंडे त्यात मागाहून आले. हुसेन आपल्या धंद्यातले, सिनेमाची होर्डिंगं रंगवलेले. त्यांचा घोडा म्हणजे घोडा, मला विचारावं लागत नाही. रझांचा काळा बिंदूही गळी उतरतो. गायतोंड्यांना मात्र स्वतःच्या चित्राला ‘अमूर्त’ म्हटलेलंसुद्धा चालायचं नाही, मग त्यांना कुठल्या चळवळीच्या खणात कोंबणार? तुझ्या सरांना राग येवो न येवो, तू आधी रंग कसा चढला, कसा उतरला ते लिही. चळवळीचं नाव मागून घाल.

दिवाळीत आलीस की परत जाऊ. या वेळी घाई करू नकोस, मला तिथे जरा उभं राहायचंय.

आईने चकल्या पाठवल्यात. डब्याच्या तळाशी तो कपटा ठेवलाय. रंग वाळलाय, तरी घडी जपून उघड.

तुझे बाबा