सईच्या पालकसभेवरून, ताईला

ताई,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मागून दाजींचा आवाज आला म्हणून मी ठेवून दिला, पण नंतर झोपच लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. मोठं होणारे. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतेय पण पत्रासारखं वाच, चहा घेऊन निवांत बसून, आणि सई घरात नसताना. इथे पहाटेपासून बर्फ पडतोय, शाळांना सुट्टी दिलीय, पोरगा अजून उठला नाहीये, त्यामुळे मला वेळच वेळ आहे.

तू सांगितलंस ते सगळं डोक्यात फिरतंय. मॅडम म्हणाल्या सई मिक्सच होत नाही, डबा एकटी खाते, मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसते. मग घरी येऊन तुमचं दोघांचं वाजलं, तू म्हणालीस बदली घ्यायलाच नको होती, दाजी म्हणाले तूच तिला लाडावून ठेवलीयस. आणि मग तू सहज बोलून गेलीस की सई आतल्या खोलीतच होती. मी तिथेच अडकले बघ. पुढचं तू काय बोललीस ते मला नीट ऐकूच आलं नाही.

तुला मी मागे एका कार्टूनबद्दल सांगितलं होतं, डारिया नावाच्या मुलीचं, आठवतंय का? मी 2010 ला इथे अमेरिकेत आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या रूममेटने लायब्ररीतून त्याचा डीव्हीडीचा अख्खा सेट आणला होता, तो त्याच वर्षी निघाला होता. मालिका खरं तर जुनी, 1997 ते 2002, एमटीव्हीवरची, 65 भाग आणि दोन मोठे टीव्ही सिनेमे. टीव्हीवर लागायची तेव्हा त्यात त्या काळातली खरी गाणी होती म्हणे, पण डीव्हीडी काढताना त्यांचे हक्क परवडेनात म्हणून बहुतेक गाणी बदलली. मी बघितली ती बदललेल्या गाण्यांचीच. तरी मी त्या थंडीत ती दोनदा बघितली, दुसऱ्यांदा एकटीने. तेव्हा मला इथे कोणीच नव्हतं आणि मी तुला फोनवर सगळं मस्त चाललंय म्हणून सांगायचे.

तर ही डारिया आधी दुसऱ्याच मालिकेत होती. ‘बीव्हिस अँड बटहेड’, 1993 ला सुरू झालेली. टेक्ससमधल्या हायलंड नावाच्या कल्पित गावातली दोन पोरं, दिवसभर सोफ्यावर बसून टीव्ही बघायची, हसायची, काहीतरी जाळपोळ तोडफोड करायची. डारिया त्यांच्या वर्गातली चष्मेवाली हुशार मुलगी. अधूनमधून यायची, एखादं वाक्य बोलायची, जायची. तिच्या नावाची ती दोघं घाणेरडी तोडमोड करून चिडवायची. ती राहते कुठे, घरी कोण आहे, शाळा सुटल्यावर काय करते, कोणालाच माहीत नाही, कारण गोष्ट तिची नव्हतीच ना, त्या दोघांची होती.

मग ग्लेन आइकलर आणि सूझी लुईस या दोघांनी तिला तिथून उचललं आणि तिची स्वतःची मालिका केली. मूळ मालिकावाल्या माइक जज यांनी परवानगी दिली पण पुढे त्यांचा त्यात हात नव्हता. आता मला जे तुला सांगायचंय ते इथे आहे. बाजूचं पात्र मध्ये आणायचं म्हणजे लोक सहसा काय करतात, त्याला गोड करतात, हसरं करतात, कारण मिनिटभर चालणारी तुसडी मुलगी वीस-बावीस मिनिटं कोण बघणार. यांनी तसं केलं नाही. आवाज तोच ठेवला, ट्रेसी ग्रँडस्टाफ याच बाईंचा, एका पट्टीतला, चढ नाही उतार नाही. चष्मा तोच. हसू नाही ते नाहीच. मुलीत काही म्हणजे काही बदललं नाही, तिच्याभोवतीचं सगळं बदललं. हायलंडमधून लॉनडेल नावाच्या गावात बिऱ्हाड हलवलं, आई दिली, बाप दिला, सगळ्यांना आवडणारी धाकटी बहीण दिली, आणि एक मैत्रीण दिली. एकच. आणि तेवढ्यावर ती मुलगी पाच सीझन उभी राहिली.

पहिला भाग ऐक, तुला वाटेल तुमचीच पालकसभा. नवीन गाव, नवीन शाळा, पहिल्याच दिवशी शाळेतल्या मानसशास्त्रज्ञ बाई दोघी बहिणींना चित्रं दाखवून यात काय दिसतं ते विचारतात, आणि डारियाचा निकाल असा येतो की हिचा आत्मविश्वास कमी आहे, हिला शाळा सुटल्यावर एक खास वर्ग लावा. आईबाप हवालदिल, आम्ही कुठे कमी पडलो. आणि त्या वर्गात तिला जेन भेटते! जेन चित्रं काढते, तिला त्या वर्गाची सगळी उत्तरं पाठ आहेत कारण तिने तो वर्ग कितीतरी वेळा केलाय, मुद्दाम नापास होते, तिला तिथे बरं वाटतं म्हणून. म्हणजे शाळेने जी शिक्षा म्हणून दिली तिथेच आयुष्यभराची मैत्रीण मिळाली. मॅडमनी सईला काउन्सेलरकडे पाठवायला सांगितलंय ना, पाठव गं, मी नको नाही म्हणत, पण तिला काहीतरी झालंय म्हणून पाठवू नकोस. जातेस का बघ, असं विचारून पाठव.

आता तो भाग, ज्याच्यामुळे मी रात्रभर जागी आहे. मालिकेचा शेवटून पहिला, म्हणजे नेहमीच्या भागांमधला अखेरचा, त्यानंतर फक्त सिनेमा झाला. घरी नवा फ्रिज येतो आणि त्याचा रिकामा खोका बाहेर पडलेला असतो, एवढंच. तो खोका बघून डारियाला लहानपणचं काहीतरी आठवायला लागतं, आधी नीट कळत नाही काय ते. मग हळूहळू उलगडतं की ती अगदी छोटी असताना शाळेने आईबापांना बोलावून घेतलं होतं, तुमची मुलगी कोणाशी बोलत नाही, एकटी वाचत बसते म्हणून, आणि त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं, बाबा तावातावाने घरातून निघून गेले, आणि ही तशाच एका खोक्यात जाऊन बसायची. तेवढी वर्षं तिच्या मनात ते होतं ताई. माझ्यामुळे बाबा गेले. वर चष्मा, तो सपाट आवाज, आणि खाली हे.

सईची आतली खोली म्हणजे मला तो खोकाच वाटला.

हे तुला दोष द्यायला नाही लिहीत, देवाशप्पथ. त्या मालिकेतली आई, हेलन, वकील आहे, सारखी फोनवर, ऑफिसचं डोक्यावर, घरी येऊन काहीतरी गरम करून वाढणार, आणि तरी प्रत्येक वेळी मुलीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते, चुकीचंच काहीतरी बोलते, पण येते. तुझी बँक, तुझी मार्च एंडिंगं, रात्री नऊला येऊन कुकर लावणं, मला तीच दिसते. ती वाईट आई नाहीये. कोणालाच ती वाईट वाटली नसेल. आणि एक गंमत सांगू, हेलनचा, धाकट्या क्विनचा आणि मैत्रीण जेनचा आवाज एकाच बाईंनी दिलाय, वेंडी हूप्स. कळल्यावर मी डोळे मिटून ऐकलं तरी पत्ता लागत नाही.

डारिया नेहमी बरोबर असते असंही नाही हं, म्हणून तर मला ती आवडते. एका भागात आईच्या आग्रहाने ती चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघते, डोळे चुरचुरतात, मग बिनचष्म्याची शाळेत जाते, आणि आपल्यालाही दिसण्याची पर्वा आहे हे कळून तिलाच कसंतरी होतं. सईने चष्म्याबद्दल तुला काही म्हटलं का? मला म्हणाली होती, नंबर वाढलाय ते सांगताना मध्येच गप्प झाली. आणि चौथ्या सीझनच्या शेवटी डारिया तर जेनच्याच बॉयफ्रेंडच्या प्रेमात पडते, दोघींचं तुटतं, ते पुन्हा जुळायला एक अख्खा सिनेमा लागतो. म्हणजे एकुलती एक मैत्रीण, तिलाही दुखावलं, आणि जाऊन सांगावं लागलं. एकटं राहणाऱ्या मुलींना हेही शिकावं लागतंच.

सईची जेन कऱ्हाडला आहे ना, ती मृण्मयी? दोघी दोन वर्षं एका बाकावर होत्या, मी सुट्टीत आले होते तेव्हा दोघी गच्चीत तासन्‌तास बसून काय एवढं बोलायच्या देव जाणे, आई खालून हाका मारून दमायची. मग ती मिक्स होत नाही असं कसं म्हणायचं? एकीशी होते. पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत तीनशे फ्लॅट असतील पण त्यात तिला एक सापडायला वेळ लागेल. तोवर मे महिन्यात मृण्मयीला पंधरा दिवस बोलावून घे, तिच्या आईशी मी बोलते हवं तर. गाडीचं तिकीट माझ्याकडून. दाजींना सांग हा लाड नाहीये.

आणि शेवटचं, हे जरा तुझ्याबद्दल. त्या मालिकेत जोडी लँडन नावाची एक मुलगी आहे, वर्गात पहिली, सगळ्या कमिट्यांवर, सगळ्यांना हवीहवीशी. त्या शाळेत काळी मुलं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी आणि त्यांच्यात ही, त्यामुळे सगळ्यांसमोर कायम नीट वागायचं ओझं हिच्यावर. डारियाला ती एकदा स्पष्ट सांगते की तुला गप्प बसायची चैन परवडते, मला नाही. माझे शब्द आहेत हे, अर्थ तो. बघताना मला दर वेळी तू आठवायचीस. आप्पा गेल्यावर सगळं तू बघितलंस, माझी फी, आईचं ऑपरेशन, आणि मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसू शकले कारण दारावर तू होतीस. हे मी तुला कधी बोलले नाही. या जोडी नावाच्या मुलीला स्वतःची मालिका द्यायची असं 2019 ला जाहीर झालं होतं, ट्रेसी एलिस रॉस तिला आवाज देणार होत्या. म्हणजे बाजूच्या पात्राच्या मालिकेतलं बाजूचं पात्र. अजून काही आलं नाही, मी वाट बघतेय.

शेवटच्या सिनेमात डारिया आणि जेन दोघी कॉलेजला बॉस्टनला निघतात, वेगवेगळ्या कॉलेजात पण एकाच शहरात. कॉलेजं काल्पनिक आहेत, शहर मात्र खरं, इथून लोकल ट्रेनने तासाभराच्या आत. तिकडे कामाला जाते तेव्हा स्टेशनवर पाठीला सॅक लावलेल्या दोन मुली बडबडत चाललेल्या दिसल्या की मी मनातल्या मनात सईला त्यात बसवून बघते.

रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करते. सईकडे दे आणि तू खाली चक्कर मारून ये, अर्धा तास तरी. मी तिला काही विचारणार नाहीये, ती काय वाचतेय तेवढंच. दाजींनाही घेऊन जा चक्कर मारायला. आईला सांग गुडघ्याचा पट्टा पाठवलाय, आठवड्याभरात पोचेल, डाव्या पायाचा आहे.

बर्फ थांबलेला दिसतोय, गाडी मोकळी करायला जाते आता.

तुझीच,
छकुली