शेवटचे दोन अंक

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. ऋतू,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटली आणि घरी येऊन बघतो तर जर्नल टीपॉयवरच. आई म्हणाली, फोन कर. केला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, आणि काल चढला तेवढा पुरे. शेजारच्या काकांचा सुमित मंगळवारी सकाळी पुण्याला निघालाय, त्याच्याजवळ जर्नल देतो, त्यातच ही चिठ्ठी. बुधवारचं सबमिशन चुकणार नाही.

"कॉम्प्युटर हा मायनर, दुय्यम विषयच तर आहे बाबा, पास झालं की झालं." या वाक्याबद्दल पुन्हा काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

फक्त एकोणिसावं पान बघ. प्रॅक्टिकल सात, सी भाषेत एक ते पंधरा आकड्यांचे फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार. अक्षर सुरेख, चौकट आखलेली, खाली सरांची सही. बारापर्यंत सगळं बरोबर आहे. बाराचा ४७,९०,०१,६००. तेराचा तू लिहिलायस १,९३,२०,५३,५०४. (स्वल्पविराम माझे.) आता दहाच्या पुढच्या कुठल्याही फॅक्टोरियलमध्ये दहा आहे, शिवाय पाच आणि दोन आहेत, म्हणजे शेवटी निदान दोन शून्यं आलीच पाहिजेत. तुझ्या तेराच्या शेवटी शून्य-चार. त्याच्या खाली चौदाचा १,२७,८९,४५,२८०, म्हणजे तेराच्या फॅक्टोरियलला चौदाने गुणून तो कमी झाला! चौकट आखताना हे दोन आकडे एकाखाली एक लिहिलेस ना गं?

चूक प्रोग्रॅमच्या तर्कात नाही, डब्यात आहे. सीमधला इंट हा पूर्णांक ठेवायचा चार बाइटचा डबा, त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. तेराचं खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. स्कूटरच्या जुन्या मीटरसारखं ते फिरून पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागतं. त्यातून मीटरची एक पूर्ण फेरी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, वजा करून बघ, तुझ्या पानावरचा आकडा तंतोतंत मिळेल. पूर्वी टर्बो सी हा कंपायलर होता तेव्हा इंट दोन बाइटचा असायचा, आठाचा फॅक्टोरियल उणे २५,२१६ यायचा आणि वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा "सर, मायनस आलं" म्हणून उठायचं. आताची चूक सभ्य कपडे घालून येते. मशीन लाल अक्षरात काही सांगत नाही, आकडा अधिक चिन्हाचा, दहा अंकी, दिसायला भारदस्त. त्याची मला जास्त भीती वाटते.

दुरुस्ती दोन ठिकाणी करायची. व्हेरिएबल लाँग लाँग कर, म्हणजे आठ बाइटचा डबा, आणि उत्तर छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये टक्का-डी काढून टक्का-एल-एल-डी घाल. एकच केलंस तर पुन्हा कचरा छापून येईल आणि तू म्हणशील बाबांनी चुकीचं सांगितलं. असं केल्यावर विसापर्यंत निभतं, एकविसाला तोही डबा भरतो. व्हायव्हाला "मग एकविसाला काय?" हा प्रश्न ठेवलेलाच असतो. प्रोग्रॅम लिहायच्या कोडब्लॉक्समध्ये सेटिंग्ज, मग कंपायलर, तिथे नेहमीच्या सगळ्या वॉर्निंग दाखवण्याची चौकट आहे, तिच्यात आधी खूण कर. प्रिंटएफमधली ही गफलत, स्कॅनएफमध्ये लिहायचं राहून गेलेलं & चिन्ह, इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह, हे सगळं ती दाखवते. डबा भरून वाहिला हे मात्र दाखवणार नाही, तिथं आपलंच डोकं.

तू हा प्रोग्रॅम स्वतः चालवला होतास का? की कुणाच्या जर्नलवरून आउटपुट उतरवलंस? विचारणार नव्हतो.

श्रेयांकांचं म्हणशील तर प्रॅक्टिकलचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. तुझं दोनचं आहे, म्हणजे सत्रात साठ तास मशीनसमोर, आठवड्याला चार. मायनर असो की मेजर, तास तेवढेच लागतात. कॉमर्सची पोरं हे साठ तास दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून दहा मिनिटांत उरकतात, आणि मग टॅलीमध्ये एका पैशाचा फरक आला की रात्रभर... झालं, सुरू झालं माझं व्याख्यान. माफ कर. आई आतून बघतेय आणि मान हलवतेय.

तुझ्या प्रोजेक्टबद्दल लिहितो, त्यात वाद नाही. मामाच्या गुळाच्या अडतीचा विषय घेतलास ते मला फार आवडलं. तुला सांगितलं नाही, पण मार्केट यार्डात दोघातिघांना सांगून झालंय. फक्त डेटाबेसमधलं तुझं ते एकच मोठं टेबल मोड. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं एका ओळीत कोंबलंयस. एकाच माणसाचं नाव तीन पट्ट्यांवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांवर, तीन प्रकारे लिहिलं जातं आणि मग वर्षाचा हिशेब काढताना तो तीन माणसं होतो. शेतकरी वेगळा, पट्टी वेगळी, आणि पट्टीच्या आतल्या ओळी वेगळ्या, कारण एकाच गाडीतल्या चांगल्या आणि काळपट रव्यांना सौद्यात वेगळा दर लागतो. मोबाइल नंबरला प्रायमरी की, म्हणजे माणसाची एकमेव ओळख, करू नकोस, दोन भावांत एकच फोन असतो. साधा अनुक्रमांक दे.

दराचं वेगळं टेबल करून तिथून दर उचलायचा विचार असेल तर सोड. उद्या दर बदललास की गेल्या पाडव्याच्या पट्टीची रक्कमही बदलेल. सौद्यात लागलेला दर त्या ओळीतच लिहून ठेवायचा, हमाली-तोलाईचंही तसंच. पुस्तकातलं नॉर्मलायझेशन, म्हणजे पुनरुक्ती टाळून टेबलं मोडायचे नियम, वाचून पोरं इथं हमखास फसतात, त्यांना वाटतं पुन्हा आलेला आकडा म्हणजे दोष. तो पुनरुक्तीचा आकडा नसतो, त्या दिवशीची घटना असते.

पैसे फ्लोट या दशांशाच्या डब्यात नकोत. फ्लोटला जेमतेम सात अंक धड कळतात. १,६७,७७,२१७ घाल, तो १,६७,७७,२१६ ठेवतो. डेसिमल घे, एकूण दहा अंक, त्यातले दोन पैशांचे.

आता नावं. मराठीत ठेवणार आहेस ते बरं केलंस, पण हे पाठ कर: "कोल्हापूर" डोळ्यांना चार अक्षरं, युनिकोडला, म्हणजे मशीनच्या अक्षरांच्या यादीला, नऊ. क, ओकार, ल, हलंत, ह, काना, प, ऊकार, र. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे सत्तावीस. मायएसक्यूएल डेटाबेसच्या व्हारकार या मजकुराच्या रकान्यात कंसातला आकडा अक्षरांचा असतो, म्हणून तिथं नऊ धरून चालतं. सीमध्ये मात्र सत्तावीस आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचं शून्य मिळून अठ्ठावीसची जागा ठेवावी लागते. इंग्रजी स्पेलिंग त्या शून्यासकट नऊत बसतं, म्हणून मुलं दहाची जागा ठेवतात आणि मराठी नाव घातलं की प्रोग्रॅम कोसळतो. टेबल यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये बनव. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली गेली तर ती परत नावं होत नाहीत, डेटा पुन्हा भरावा लागतो. आणि मामाच्या जुन्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत, त्या नुसत्या कॉपी-पेस्ट करू नकोस. त्या फॉन्टमध्ये मागची अक्षरं वेगळीच असतात, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

खाते क्रमांकाचा रकाना एक्सेलमध्ये भरण्याआधीच टेक्स्ट कर. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि पंधराव्या अंकानंतर एक्सेल सरळ शून्य लिहितं.

पैसे दिल्याची तारीख ज्या पट्टीवर नाही त्या शोधताना क्वेरीच्या व्हेअर या अटीत "बरोबर नल" (= चिन्ह आणि नल, म्हणजे कोरी जागा) लिहू नकोस, "इज नल" लिही. "बरोबर नल" लिहिलं तर एकही ओळ येत नाही, एररही येत नाही. कोरी यादी बघून वाटतं, सगळ्यांचे पैसे चुकते झाले. बघ, पुन्हा तेच. दोन टेबलं जोडणाऱ्या जॉइनची अट विसरलीस तर निदान चाळीस शेतकरी गुणिले तीनशे पट्ट्या अशा बारा हजार ओळी अंगावर येतात, ते तरी दिसतं. कोरी यादी दिसत नाही. म्हणून प्रत्येक क्वेरीला पाच ओळींचा खोटा डेटा घे, उत्तर आधी कागदावर हाताने काढ, मग चालव.

तू सात वर्षांची होतीस. मामाच्या वखारीत हमालांनी बेचाळीस रवे सांगितले आणि तू पायरीवर बसून म्हणालीस, मोजून बघूया की. सगळे हसले. एक्केचाळीस निघाले. मामा अजून दर पाडव्याला सौद्याच्या वेळी ते सांगतो, त्याच्या सांगण्यात तू आता पाच वर्षांची झालीयस. काल जेवताना तू "झालं की झालं" म्हणालीस तेव्हा मला ती पायरीच दिसत होती. मार्कांची काळजी नाही गं मला. दादाच्या वेळी मी काही बोललो नव्हतो. ते असो.

डिलीट चालवण्याआधी स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिही, किती ओळी गेल्या ते वाच, मगच कमिट, म्हणजे बदल पक्का. आकडा भलताच आला तर रोलबॅक, ओळी परत येतात. टेबल रिकामं करणाऱ्या ट्रंकेटला आणि टेबलच काढून टाकणाऱ्या ड्रॉपला मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. रोज मशीनसमोरून उठताना डेटाबेस एक्सपोर्ट करून ती फाइल स्वतःलाच मेल कर. लॅबच्या मशीनवर, डेस्कटॉपवर काही ठेवू नकोस, पुष्कळ लॅबमध्ये मशीन बंद करून चालू केलं की डेस्कटॉप कोरा होतो.

एकोणिसाव्या पानावर मी पेनने काही केलेलं नाही. तेराच्या ओळीशेजारी पेन्सिलने बारीक टिंब आहे, खोडरबराने जाईल. वाटलं तर पान बदल, वाटलं तर तसंच दे, सही झालेलीच आहे. तुझं तू ठरव, मी विचारणार नाही.

काकूंकडची निळी ओढणी सुमितच्याच पिशवीत आहे. चटणीची बरणी उभी ठेव, झाकण सैल आहे. माईचं बीपी आज बरं होतं, तिनं गंगावेशीतलं दूध पिऊन दाखवलं.

दुरुस्त करून चालवलंस तर फोन कर. सगळा आकडा नको, शेवटचे दोन अंक सांग.

तुझे,
बाबा