माऊसला हात न लावता कॉम्प्युटर बंद करता येतो, हे आधी का शिकवत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मोबाईलच्या टिप्स नेहमी येतात, बॅटरी कशी वाचवायची, फोटो कुठे ठेवायचे, वाचते मी सगळं. पण घराघरात, झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात तो मोठा डबावाला कॉम्प्युटर अजून आहेच की हो, त्याच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. विषय आहे कॉम्प्युटर बंद करणे. हसू नका, मलाही आधी हसूच आलं असतं.

मी मिरजेत घरीच टायपिंगची कामं घेते, अर्ज, करारनामे, कोणाचे प्रबंध. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. यूपीएस आहे माझ्याकडे, तो पीं पीं करायला लागला, पण मॉनिटर काळा ठिक्कर! मग लक्षात आलं की मशीन बसवून देणाऱ्याने मॉनिटरची पिन यूपीएसमधे न लावता सरळ भिंतीवरच्या बोर्डात लावलीये. म्हणजे खाली डबा चालू, पंखा घुं घुं करतोय, आत माझी वर्डची फाईल उघडी, आणि मला दिसत काहीच नाही. माऊस हलवून काय करणार, बाण कुठे आहे तेच कळत नाही. बॅटरी जुनी, फार तर ५ मिनिटं टिकेल. घाबरून मी पॉवरचं बटण दाबून धरलं, ४-५ सेकंदांत सगळं गप्प.

नंतर वर्डने फाईल परत दिली म्हणा, पण तो आपली प्रत दर १० मिनिटांनी ठेवतो (कोणी बदललं नसेल तर), त्यामुळे मधलं गेलं ते गेलंच. माझ्या स्पीडला १० मिनिटं म्हणजे सव्वा पान. परत टाईप केलं, पार्टीला काही बोलले नाही.

पुण्याच्या भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, आत्या, तुला स्क्रीन कशाला लागते, तू तर टायपिस्ट. कंट्रोल एस दाब, मग विंडोजचं बटण आणि डी, मग ऑल्ट आणि एफ-४, मग एंटर. झालं बंद.

मी ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम मॉनिटर बंद करून करून बघितलं. होतं! कंट्रोल एसने फाईल सेव्ह होते, फक्त तिला आधी एकदा नाव दिलेलं हवं नाहीतर ती नाव विचारत बसते. विंडोज आणि डी दाबलं की सगळ्या खिडक्या खाली जाऊन डेस्कटॉप पुढे येतो, ही पायरी चुकवायची नाही कारण ऑल्ट एफ-४ हे खरं तर समोर असेल ती खिडकी बंद करायचं बटण आहे, समोर डेस्कटॉपच असला तरच ते कॉम्प्युटर बंद करायची छोटी चौकट आणतं. तिथे बहुतेक वेळा शट डाउन आधीच निवडलेलं असतं म्हणून नुसतं एंटर पुरतं. आणि सगळं नीट दिसत असेल पण माऊसच मेला असेल तर आणखी सोपं, विंडोज आणि एक्स दाबायचं, मेनू वर येतो, मग यू, परत यू. दुसऱ्या यूच्या जागी आर दाबला की रीस्टार्ट. हे इंग्रजी विंडोजचं सांगतेय हां, मेनूची भाषा बदलली असेल तर अक्षरं वेगळी असू शकतात.

आता मला सांगा, एवढं सोपं असताना आम्हाला क्लासमधे काय शिकवलं? स्टार्टवर क्लिक करा, मग कोपऱ्यात क्लिक करा, मग शट डाउनवर क्लिक करा. मी गोदरेजच्या मशीनवर टायपिंग शिकलेली बाई, परीक्षेला कीबोर्डकडे बघितलं तर मॅडम हातावर पट्टी मारायच्या, माझी बोटं की शोधायला डोळे मागत नाहीत. त्या मशीनला बंद करायची भानगडच नव्हती, कव्हर टाकलं की बंद! माऊस मात्र मला अजून नीट जमत नाही, त्यात उजव्या मनगटाचं दुखणं, ते छोटं चिन्ह पकडताना हात थरथरतो. माझ्यासारखे कितीतरी जण असतील. ज्यांना दिसत नाही त्यांचं तर सगळं कामच कीबोर्डवर चालतं, त्यांना या कळा कधीच्या पाठ आहेत. आपणच डोळस लोक अंधारात चाचपडतो.

पुढची मजा ऐका. भाचा म्हणाला तुला एकच की हवी असेल तर स्वतःची बनवता येते. डेस्कटॉपवर राईट क्लिक, न्यू, शॉर्टकट. तिथे जागा विचारतात त्यात टाकायचं शटडाउन (एकच शब्द, इंग्रजी स्पेलिंग), स्पेस, तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि एस, स्पेस, तिरकी रेघ आणि टी, स्पेस, शून्य. एस म्हणजे बंद कर, टी म्हणजे किती सेकंदांनी. नाव द्यायचं, फिनिश. मग त्या आयकॉनवर उभं राहून ऑल्ट एंटर, प्रॉपर्टीज उघडतात, शॉर्टकट कीच्या चौकटीत जाऊन हवं ते अक्षर दाबायचं, कंट्रोल आणि ऑल्ट ते आपणहून जोडतं. फक्त एफ-८, एफ-९ असली बटणं तिथे देऊ नका, त्यांना कंट्रोल ऑल्ट जोडलं जात नाही, मग एक बोट चुकून लागलं की खेळ खलास. आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच राहू द्यायचा, मी टापटीप म्हणून तो एका फोल्डरमधे टाकला तर की चालेचना, दोन दिवस मी कीबोर्डलाच शिव्या देत होते.

अक्षर कुठलं घ्यायचं याचाही विचार करावा लागतो. कंट्रोल ऑल्ट डिलीट आपल्याला सगळ्यांना माहितीये, ते आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरने पहिल्या पीसीच्या वेळी, म्हणजे १९८१ च्या सुमारास, मशीन परत सुरू करण्यासाठी ठेवलेलं. आधी त्यात डिलीटच्या जागी एस्केप होतं, पण ते डाव्या एका हाताने चुकून दाबलं जायचं म्हणून मुद्दाम लांबचं डिलीट घेतलं, दोन हात लागले पाहिजेत असं. मीही तेच डोकं लावून उजवीकडचं पी घेतलं. तुमच्याकडे आंधळ्या माणसांसाठीचं बोलणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर असेल तर एन मात्र घेऊ नका, कंट्रोल ऑल्ट एनने ते सुरू होतं.

तरी भीती होतीच की चुकून पी दाबला गेला तर? म्हणून मी शहाणपणा केला. शून्याच्या जागी ६० टाकलं, म्हणजे एक मिनिट मिळेल आणि तेवढ्यात रद्द करता येईल (शटडाउन, स्पेस, तिरकी रेघ ए, याने रद्द होतं, त्याचाही एक आयकॉन करून ठेवला). आणि नेमकं इथेच फसले. एकदा फाईल सेव्ह न करता की दाबली आणि चहा ठेवायला आत गेले, वाटलं वर्ड विचारेलच ना सेव्ह करू का म्हणून. नाही विचारलं! मिनिट संपलं आणि सगळं गुंडाळून मशीन बंद. भाच्याने मग नियम सांगितला की शून्यापेक्षा जास्त कितीही सेकंद दिले की विंडोज त्याचा अर्थ जबरदस्तीने बंद कर असाच घेतं, कोणाला काही विचारत नाही. शून्य दिलं तर मात्र न सेव्ह केलेली फाईल अडवून धरते आणि हे प्रोग्रॅम अजून उघडे आहेत असा पडदा येतो. म्हणजे जी सोय सावकाश वाटते तीच घात करणारी आणि जी तडकाफडकी वाटते ती सांभाळून घेणारी, उलटंच सगळं. आता माझ्याकडे शून्यच आहे. रात्री काही डाउनलोड लावलेलं असेल तेव्हा ३६०० टाकते, तासाने आपोआप बंद, पण तेव्हा आधी सगळं सेव्ह करून, देवाला हात जोडून. (दहा वर्षांपर्यंतचे सेकंद टाकता येतात म्हणे, ३१ कोटी ५३ लाख ६० हजार. कोण वाट बघणार!)

या आयकॉनचा एक फायदा मला नंतर कळला. आपण रोज स्टार्टमधून शट डाउन करतो ते विंडोज ८ पासून बऱ्याच मशीनवर पूर्ण बंद होतच नाही, सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून आतला काही भाग डिस्कवर जसाच्या तसा ठेवून ते झोपतं. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स, सीपीयू, अप टाईम (म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते) बघा, रोज रात्री बंद करूनसुद्धा माझ्याकडे ११ दिवस दाखवत होतं. प्रिंटर रुसला, काहीतरी अडकलं की लोक म्हणतात बंद करून चालू करा, आणि आपण करतोही पण फरक पडत नाही, कारण हेच. रीस्टार्ट केलं की खरं ताजं होतं, आणि या हुकमानेही मशीन पूर्ण बंद होतं, दुसऱ्या दिवशी अप टाईम शून्यापासून सुरू.

ज्यांनी विंडोज ९५ वापरलंय त्यांना आठवत असेल, बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरात यायचं की आता बंद केलं तरी चालेल, मग आपण हाताने बटण दाबायचं. ते बरं होतं असं वाटतं कधी कधी, मशीन निदान सांगायचं तरी.

माझी विनंती एवढीच, रविवारच्या पानात एक छोटी चौकट छापा, कंट्रोल एस, विंडोज डी, ऑल्ट एफ-४, एंटर, एवढ्या चार पायऱ्या, मोठ्या टायपात, कापून मॉनिटरला चिकटवता येईल अशी. आमच्या इथल्या एका सरकारी ऑफिसात संध्याकाळी शिपाई मेन स्विचच पाडतो, चालू कॉम्प्युटरसकट, मी स्वतः बघितलंय. त्याचा काय दोष, त्याला कोणी सांगितलंच नाही. आणि क्लासवाल्यांना एक सांगणं, पहिल्या दिवशी माऊस बाजूला ठेवून मुलांना मशीन बंद करायला लावा, चालू करणं काय कोणीही करतं.

आपली,
एक वाचक, मिरज

ता. क. बऱ्याच लॅपटॉपवर एफ-४ ला आवाज किंवा उजेड कमीजास्त करायचं काम दिलेलं असतं, तिथे एफएन हे बटणही सोबत धरावं लागतं. शेजारच्या वहिनींनी अर्धा तास ऑल्ट एफ-४ केलं आणि मग मला बोलावलं, म्हणून लिहिलं. मॉनिटरची पिन मी दुसऱ्याच दिवशी यूपीएसमधे लावून घेतली.