सुविचार नकोत, सुत्त सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू झाला की आपल्या पुरवणीत आणि लोकांच्या मोबाइलवर ‘बुद्धांचे सुविचार’ यायला लागतात. राग सोडा, चिंता सोडा, वर्तमानात जगा. यांतले बरेचसे त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथसंग्रहात, शोधूनही सापडत नाहीत, पण तो मुद्दा आपण नंतर घेऊ. घराच्या हप्त्याच्या काळजीने ज्याचा रात्री दोनला डोळा लागत नाही, त्याला ‘चिंता सोडा’ म्हणून काय मिळते? ती कशी सोडायची हे सुत्तांत, म्हणजे त्रिपिटकातल्या उपदेशांत, पायरीपायरीने सांगितले आहे आणि छापताना नेमके तेवढेच गाळले जाते.

मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातले 20वे वितक्कसंठान सुत्त घ्या. नको तो विचार डोक्यात घोळत राहिला तर काय करायचे, याचे पाच उपाय त्यात आहेत. उपदेश भिक्खूंना आहे, पण गृहस्थाला वापरायला काहीच अडचण नाही. अट एकच. एक उपाय लागू पडला नाही तरच पुढचा.

पहिला उपाय विषय बदलण्याचा. सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसा कुशल (हिताचा) विचार आणून अकुशल (अहिताचा) विचार हटवायचा. कुणाबद्दल द्वेष असेल तर मैत्रीभावना, म्हणजे त्याचे भले होवो असे मनात घोळवणे. इथे हमखास चूक होते ती अशी, की ज्याच्याशी भांडण झाले त्यालाच डोळ्यांसमोर आणून लोक ‘सुखी होवो’ म्हणायला बसतात आणि दोन मिनिटांत भांडण नव्याने सुरू होते. विसुद्धिमग्ग या ध्यानसाधनेवरच्या पाली ग्रंथात क्रम स्पष्ट आहे: आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ना आवडता ना नावडता असा कुणी, आणि सगळ्यात शेवटी वैरी. मृत व्यक्तीवर ही भावना करायचीच नाही. (या ग्रंथाचे देवनागरी संपादन गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी केले, म्हणजे आपल्याला तो परका नाही.)

दुसरा उपाय त्या विचाराचा दोष पाहण्याचा. दोष विचाराचा पाहायचा, आपला नव्हे. ‘मीच असा नालायक’ इथवर गाडी गेली तर उपाय उलटला समजावे.

तिसरा, लक्ष काढून घेण्याचा. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या पाली टीकेत, यासाठी झोळीतल्या वस्तू एकेक बाहेर काढून ‘ही सुई’ असे नाव घेत पाहायला सांगितले आहे. घरात तांदूळ निवडायला घ्या, कपाटाचा एक कप्पा लावा. मोबाइल मात्र चालणार नाही, कारण तो एक विचार काढून दहा आणून ठेवतो.

चौथा उपाय फारसा कुणी सांगत नाही आणि रात्रीच्या काळजीला तोच सर्वांत उपयोगी आहे. घाईने चालणाऱ्या माणसाच्या मनात येते, मी इतका घाईत का चाललो आहे? तो हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. विचाराचाही वेग असाच एकेक पायरी उतरवायचा. ‘आता घर जाणार’ या विचाराला विचारावे, हा कशातून आला? हप्ता चुकेल यातून. तो कशातून? पगार लांबला यातून. तो किती दिवस लांबला? ‘घर जाणार’पासून सुरू झालेले प्रकरण ‘उद्या सकाळी बँकेत फोन करायचा’ इथे येऊन थांबते. हे कागदावर लिहून केले तर सोपे जाते. मनात केले तर मधली पायरी निसटते आणि मन पुन्हा पहिल्या वाक्यावर जाते.

पाचवा उपाय दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला आवरण्याचा. तो अगदी शेवटचा आहे, पण बहुतेक जण सुरुवात त्यानेच करतात. मग जबडा आणि डोके दुखते आणि विचार असतो तिथेच असतो.

कर्जाला मात्र यातला एकही उपाय नाही. झोप येईल, हप्ता फिटणार नाही. पैशासाठी बुद्धांनी वेगळे सांगितले आहे. कोलिय लोकांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाच्या गृहस्थाने, आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे, आमच्या हिताचे सांगा, असे विचारले. उत्तर अंगुत्तर निकायाच्या आठव्या निपातातील (भागातील) 54व्या सुत्तात आहे: उद्योग, कमाईची राखण, चांगली संगत आणि समजीविता, म्हणजे जमाखर्च तराजूसारखा तोलून राहणे. थोडी मिळकत असून थाटात राहणाऱ्याला तिथे ‘उंबरखाऊ’ म्हटले आहे. तो झाड हलवतो, उंबरे ढीगभर पडतात, खातो चारच. लग्नाचा हॉल ठरवताना हे सुत्त वाचायला हरकत नाही.

सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेल्या उपदेशात, सिगालोवाद सुत्तात, तर वाटेच पाडून दिले आहेत. मिळकतीचा एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी शिल्लक. 32,000 रुपये मिळत असतील तर 8,000, 16,000 आणि 8,000. भाडे आणि हप्ते भरणाऱ्या नोकरदाराला हे प्रमाण जसेच्या तसे जमणार नाही, आणि ‘कामधंदा’ याचा अर्थ त्याने शिक्षण, कौशल्य, अवजारे असा घ्यावा. पण चौथा वाटा खर्चानंतर उरेल तो, असे केले की तो उरतच नाही. हजार असला तरी आधी बाजूला काढावा.

‘वैयक्तिक दुःखात रमलात तर बाबासाहेबांचा सामाजिक धम्म बाजूला पडेल’ असा आक्षेप विहारांत ऐकू येतो. याच सिगालोवादात मालकाने नोकराला शक्तीप्रमाणे काम, जेवण व वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी असे सांगितले आहे. घर आणि समाज अशी भिंत त्यात नाही.

आणखी एक. उपाय करून पाहताना डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. चीवर (भिक्खूचे वस्त्र), भिक्षा, निवारा यांच्या जोडीला औषध ही भिक्खूची चौथी गरज म्हणून मान्य आहे. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. दहा दिवसांचे मौन प्रत्येकाला झेपतेच असे नाही.

आपल्याला विनंती अशी, की पुरवणीत बुद्धवचन छापाल तेव्हा खाली निकायाचे नाव आणि सुत्ताचा क्रमांक द्यावा. एक ओळ पुरते. ज्याचा क्रमांक मिळत नाही ते वचन काढून त्या जागी यंदाच्या वर्षावासात, आश्विन पौर्णिमेपर्यंत, दर आठवड्याला गृहस्थांसाठीचे एक सुत्त द्यावे. सुरुवात दीघजाणूपासून करता येईल.

आपला,
पाली भाषेचा एक अभ्यासक, नागपूर