सर्व्हर चालू, पगार अडकलेला

महोदय,

मी ज्या सहकारी बँकेचा सभासद आहे, तिच्या यंदाच्या वार्षिक अहवालात एका पानावर ‘अंबड-सातपूरमधील लघुउद्योजक जोडणे’ हे उद्दिष्ट छापलंय. चार पानं उलटली की संगणक विभाग: ‘यंत्रणा ९९ टक्के वेळ कार्यरत.’ या दोन पानांची एकमेकांशी ओळखदेख नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

९९ टक्के चालू म्हणजे वर्षाकाठी साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ते रविवारी मध्यरात्री गेले तर कोणाचं काही अडत नाही. पण पगाराच्या सात तारखेला किंवा जीएसटीच्या वीस तारखेला गेले, की शेडमध्ये आमची तारांबळ. गेल्या पगाराला तर सर्व्हर चालूच होता. फाइल अपलोड झाली, खात्यातून रक्कम वजा झाली आणि पुढे ‘प्रोसेसिंग’चं चक्र फिरत राहिलं. निम्म्या कामगारांचे पगार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमा झाले. शाखेत विचारलं तर उत्तर, ‘हेड ऑफिसला मेल टाका.’ अहवालात तो दिवस शंभर टक्के!

मी गाड्यांचे सुटे भाग बनवतो. माल वेळेत पोचला का आणि रिजेक्शन किती, यावर कंपनी माझं रेटिंग लावते. ‘सीएनसी (संगणकावर चालणारं कातकामाचं यंत्र) दिवसभर चालू होतं’ म्हणून माझं बिल कोणी पास करेल?

ऑनलाइन सेवा मोजायची पट्टी सेवेच्या दर्जाचे अभ्यासक परशुरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्येच मांडली आहे. काम झटपट होणं, यंत्रणा चालू असणं, कबूल केलेलं पुरं होणं, माहिती सुरक्षित राहणं. आणि घोटाळा झालाच तर तातडीने दखल, भरपाई आणि बोलायला माणूस. या सातांतली एकच बाब आमची बँक मोजते. (भरपाईचं म्हणाल, तर आयएमपीएसचे, म्हणजे खात्यातून खात्यात तत्काळ पाठवलेले, पण अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले नाहीत तर पुढे रोज १०० रुपये द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बजावलंय. शाखेत विचारून बघा.)

संचालक मंडळापुढे दरमहा एक कागद यावा: पगाराच्या किती फाइली पहिल्या फटक्यात गेल्या, किती अडकल्या, अडकलेल्या किती तासांत सुटल्या, सात आणि वीस तारखेचा हिशेब वेगळा. सॉफ्टवेअर कंपनीचं बिलही त्याच कागदावरून निघावं. मग नवं ॲप घ्यायचं की जुन्याचीच डागडुजी करायची, हे नुसतं टेंडरमधल्या सर्वांत कमी दरावर ठरणार नाही.

– एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक